कानटोपीची डावी बाजू

खरं तर हे मी कोणाला सांगायचं नव्हतं. तसं मला बजावलेलं आहे, तेही माझ्या डाव्या वाटीला ओठ टेकवून, अगदी हळू आवाजात. पण आत काही साठवून ठेवायची माझी रचनाच नाही. तारेतून जे येतं ते मी पुढे देते. म्हणून सांगते.

मी कानटोपी बोलतेय. तुम्ही मला हेडफोन म्हणाल. पेणला एसटी स्टँडच्या मागच्या गल्लीत ‘रोहेकर रेकॉर्डिंग’ नावाचं दुकान आहे, तिथेही सगळे तेच म्हणायचे. पण मला खोक्यातून बाहेर काढलं त्या दिवशी दुकानमालकांची बहीण फ्लोराआत्या दुकानात जेवणाचा डबा घेऊन आली होती. तिने मला उलटसुलट करून पाहिलं आणि विचारलं, "ही कसली रे कानटोपी? मधली टोपी कुठाय?" सगळे हसले. तेव्हापासून तेच नाव राहिलं.

माझा जन्म कुठे झाला ते मला ठाऊक नाही. खोक्यावर लिहिलेलं होतं, पण खोकं चुलीत गेलं. मला आठवतो तो मुंबईचा लॅमिंग्टन रोड आणि काचेच्या कपाटात माझ्या शेजारी ठेवलेली माझी जुळी बहीण. एझ्रा रोहेकरांनी आम्हा दोघींना एकाच पिशवीत घालून पेणला आणलं. गाव त्यांना एझ्राशेट म्हणतं, म्हणून मीही म्हणते. एक वापरायला आणि एक अडीअडचणीला, असा त्यांचा हिशेब होता.

दुकानात कोऱ्या कॅसेटवर गाणी भरून द्यायचं काम चाले. शेट बेने इस्राएल, शनिवार पाळणारे, म्हणून शुक्रवारी दिवेलागणीच्या आधी शटर खाली यायचं, ते रविवारी सकाळी वर जायचं. शनिवारी कोणी आलंच तर शेजारच्या गणपतीच्या कारखान्यातून माणूस ओरडून सांगायचा, "आज शनवार. शेट नाय." त्या कारखान्यातली पांढरी धूळ आमच्याकडे उडत यायची आणि इक्वलायझरच्या खाचांत बसायची. बटण सरकवलं की आधी धूळ खरखरायची, मग गाणं बदलायचं.

इक्वलायझर म्हणजे दहा सरकत्या बटणांची पेटी. एका टोकाला ढोलकीचा घुमार, दुसऱ्या टोकाला झांजेची किणकिण, मध्ये माणसाचा गळा. जे कमी वाटेल त्याचं बटण वर, जे जास्त वाटेल त्याचं खाली. वर डाव्या आणि उजव्या बाजूच्या दिव्यांच्या छोट्या पट्ट्या असायच्या. गाणं सुरू झालं की त्या हिरव्या, मग लाल व्हायच्या.

एझ्राशेटांची मुलगी शीरा शाळा सुटली की दुकानात यायची. त्यांच्या खुर्चीच्या उजवीकडे एक लाकडी स्टूल होतं, त्यावर बसायची. तिचं काम होतं भरलेली कॅसेट ऐकून ‘पास’ म्हणायचं. दिवसभरात ती हा एकच शब्द मोठ्याने बोलत असेल. लहानपणी एकदा चालू गाणं ऐकून ती म्हणाली होती, "बाबा, हा माणूस दमलाय." मशीन उघडून पाहिलं तर पट्टा सैल झाला होता आणि टेप हळू फिरत होती. तेव्हापासून एझ्राशेट गिऱ्हाइकांना सांगायचे, "कान माझ्या पोरीचे. मी नुसता हमाल." ती मान खाली घालायची. पण स्टुलावर जरा ताठ बसायची. ते मला कळायचं, कारण मी तिच्या डोक्यावर असायची.

एका पावसाळ्यात शीराला गालगुंड झालं. फ्लोराआत्याने लेप लावले, गळ्याभोवती मफलर गुंडाळला. सूज उतरली, मफलर निघाला आणि ती पुन्हा स्टुलावर येऊन बसली. तिने मला कानांवर चढवलं. उजव्या वाटीखाली ती होती. डाव्या वाटीखाली कोणी नव्हतं.

मी नेहमीसारखीच वाजत होते. तिने मला काढलं, उलटं करून घातलं, पुन्हा सुलटं केलं. मग कानाच्या पाळीला चिमटा काढला. दात काढताना हिरडी बधीर करतात आणि आपण बोट लावून बघतो, तसं. तिचे बाबा पाठमोरे होते. तिने माझी डावी वाटी तोंडाजवळ नेली आणि म्हणाली, "मला इथून काही येत नाही. कोणाला सांगू नको. माझं स्टूल जाईल."

ती रडली नाही. पुढची कॅसेट लावली आणि पास म्हणाली.

त्यानंतर तिने ज्या युक्त्या केल्या त्या फक्त मीच जवळून पाहिल्या. सिनेमाच्या गाण्यात गाणाऱ्याचा गळा दोन्ही बाजूंना सारखाच येतो, त्यामुळे एका कानावर काम चाले. डावी बाजू नीट भरली आहे का, हे ती दिव्यांच्या पट्टीकडे बघून ठरवायची. शाळेत ती बाकाच्या डाव्या टोकाला बसायला लागली, म्हणजे सगळ्या मुली उजवीकडे. डावीकडून कोणी हाक मारली आणि ती वळली नाही, तर लोक आपापल्या सोयीने कारण लावायचे. वर्गातल्या बाई म्हणाल्या शिष्ट आहे. फ्लोराआत्या म्हणाली वयात आलीय. माणसांना उत्तर मिळालं की ती प्रश्न सोडून देतात.

मग माझी तार तुटली. माझी तार फक्त डाव्या वाटीतून बाहेर येते, आणि ती स्टुलाच्या पायाखाली आली. एझ्राशेटांनी मला रेडिओवाल्या दिनानाथांकडे पाठवलं. त्यांनी तोंडात तंबाखू धरून मला उघडलं आणि आतल्या दोन बारीक तारा एकीच्या जागी दुसरी अशा जोडल्या. डावीकडचा आवाज उजव्या वाटीत गेला, उजवीकडचा डाव्या वाटीत. त्यांनी मला कानाला लावून पाहिलं आणि म्हणाले, "दोन्हीकडून गाणं येतंय. झालं." आणि खरंच, सिनेमाच्या गाण्यात ते कोणाला कळलं नाही.

माझ्या गाद्याही फाटल्या होत्या. फ्लोराआत्याने स्कूटरच्या सीटचं रेक्झिन आणून नव्या शिवल्या. त्या जाड झाल्या. त्यामुळे माझ्यात घुमार वाढला. बहीण मात्र होती तशीच, जरा कडक आवाजाची.

दिवाळीच्या सुमारास आरोनकाका आले. ते एझ्राशेटांचे धाकटे भाऊ. रोह्याला स्टेशनजवळ ते असंच दुकान उघडणार होते.

"दोघींतली एक मला दे," ते म्हणाले.

"कोणती पण ने. सारख्याच आहेत."

"सारख्या कुठे? ही ढोलासारखी वाजते आणि ती फोडणीसारखी."

एझ्राशेटांनी फ्लोराआत्याची नेलपॉलिश मागून घेतली. माझ्यासाठी घुमाराची दोन बटणं खाली घेतली आणि प्रत्येक बटणाशेजारी लाल ठिपका दिला. बहिणीसाठी किणकिणीची बटणं खाली घेतली आणि पांढऱ्या रंगाचे ठिपके दिले. मग आरोनकाकांच्या डोळ्यांवर हातरुमाल बांधला, आणि लाल ठिपक्यांवर मला, पांढऱ्या ठिपक्यांवर तिला, असं आलटून पालटून घातलं. काकांनी तीनदा चुकीची ओळखली.

"मग निवडायचं कशावर?" काका रुमाल सोडत म्हणाले.

"बटणाने जे बदलता येत नाही त्यावर. डोक्याला आवळते का, कान तापतो का, तार टिकते का. आवाजाचं काय, जे जास्त आहे ते कापता येतं."

"आणि कमी असेल ते?"

"थोडं कमी असेल तर वाढवता येतं. मुळात नसेलच तर बटण कितीही वर ने, नुसती खरखर वाढते."

शीरा हे ऐकत होती. तिची मान तिरकी होती, उजवा कान बोलणाऱ्याकडे.

"माझ्या पेटीला पाचच बटणं आहेत," काका म्हणाले. "मला कमी कापावी लागेल ती दे."

"शीरा ठरवेल. रविवारी ये. मला एक धवला भरायचाय, त्यावर लावून बघू."

कासू गावच्या हौसाबाई धवलारीण होत्या. आगरी लोकांच्या लग्नात मांडव पडल्यापासून वरात जाईपर्यंत धवलारीण धवले म्हणते, आणि मागे दोघी बायका तेच शब्द झेलतात. हौसाबाईंच्या गळ्याला आता धाप लागत होती. त्यांची मुलं मिठागरावर कामाला होती. त्यांनीच सांगितलं होतं, आईचं एकदा भरून ठेवा. एझ्राशेट मशीन घेऊन कासूला गेले. एक माइक हौसाबाईंसमोर ठेवला, दुसरा झेलणाऱ्या बायकांसमोर. भरताना हौसाबाई टेपच्या डाव्या बाजूला गेल्या आणि बायका उजव्या बाजूला. एकाच मांडवातली माणसं दोन खोल्यांत बसवावीत, तसं ते झालं.

रविवारी दुकानात चौघं होती. एझ्राशेट, आरोनकाका, स्टुलावर शीरा आणि बाकड्यावर हौसाबाई. स्वतःचं गाणं ऐकायला त्या पहिल्या गाडीने आल्या होत्या. मला आधी त्यांच्या डोक्यावर घातलं. त्या अंबाड्यावरून मला सावरत ऐकत राहिल्या.

"ही कोन गो म्हातारी?" त्यांनी शीराला विचारलं.

"तुम्हीच."

"मी इतकी घोगरी गाते? आन लोकांनी मना लग्नात बोलावली?"

"ती टोपी तशी आहे मावशी," काका म्हणाले. "बटण खाली केलं की तुम्ही तरुण व्हाल."

"मंग कर की. वाट कोनाची बगतो?"

एझ्राशेटांनी हसत बटणं लाल ठिपक्यांवर नेऊन बसवली. मग मला शीराला दिलं. धवला सुरू झाला. तिने डोळे मिटले. तारा उलट्या जोडलेल्या होत्या, त्यामुळे डावीकडच्या हौसाबाई माझ्या उजव्या वाटीत येत होत्या. शीराला त्याच ऐकू आल्या, एकट्या. मागच्या बायका डाव्या वाटीत गात राहिल्या, आणि तिथे ऐकायला कोणी नव्हतं.

मग माझ्या बहिणीची पाळी आली. पांढऱ्या ठिपक्यांवर बटणं गेली. शीराने तिला घातलं आणि तिच्या कपाळाला आठी पडली.

"हिच्यात हौसाबाई नाहीत," ती म्हणाली.

"काय नाहीत?"

"नाहीत. नुसत्या मागच्या बायका आहेत."

मी टेबलावर पडून हे ऐकत होते. तिने सहज सांगून टाकलं होतं. आपण काय सांगतोय ते तिला माहीत नव्हतं. हौसाबाई एका बाजूला भरल्या आहेत, हे तिला कोणी सांगितलंच नव्हतं.

एझ्राशेटांनी बहिणीला आपल्या कानांवर लावलं. "आहेत की."

"मी नाय म्हंजे?" हौसाबाई बाकड्यावरून पुढे सरकल्या. "मंग मेली पुडं गाते कोन?"

"मधलं बटण कमी असेल," काका म्हणाले. एझ्राशेटांनी मधलं बटण वर नेलं. "आता?"

शीराने मान हलवली. नाही. आणखी वर. दिव्यांची डावी पट्टी टोकापर्यंत लाल झाली. शीराने एकदा त्या पट्टीकडे पाहिलं आणि एकदा हौसाबाईंकडे. तिचा चेहरा बदलला नाही. पण तिचे हात मांडीवरून स्टुलाच्या कडेला गेले आणि त्यांनी कड धरली.

"नुसती खरखर येते," ती म्हणाली.

"पोरगी मस्करी करते," काका म्हणाले.

"थांब, तार अडकतेय," एझ्राशेट म्हणाले. बहिणीची तार ड्रॉवरच्या मुठीला गुंतली होती. त्यांनी ती सोडवली आणि तार दुसऱ्या अंगाला यावी म्हणून बहिणीला शीराच्या डोक्यावर उलटं घातलं. डावी वाटी उजव्या कानावर आली.

"आल्या," शीरा म्हणाली. "हौसाबाई आल्या." मग ती हळूच म्हणाली, "पण आता बायका गेल्या."

एझ्राशेटांचा हात तिच्या डोक्यावरच राहिला. माइक त्यांनीच लावले होते. कोण कुठल्या बाजूला आहे हे त्या खोलीत फक्त त्यांनाच माहीत होतं. त्यांनी टेबलावरून मला उचललं, कानांना लावलं, आणि माझ्या तारा उलट्या आहेत हेही त्यांना तेव्हाच कळलं असणार. त्यांनी मला खाली ठेवलं. फार जपून ठेवलं.

"काय झालं रे?" काकांनी विचारलं.

"काही नाही. ती तू ने, कापावं कमी लागेल. ही इथे राहील. हिच्या गाद्या मऊ आहेत."

"एवढं सगळं करून शेवटी गाद्यांवर?"

"मी तुला आधीच सांगितलं होतं."

काका माझ्या बहिणीला पिशवीत घालून रोह्याच्या गाडीला गेले. आम्हा दोघींना एकमेकींचा निरोप घेता आला नाही. तशी सोय आमच्यात नाही. हौसाबाई जाताना शीराला म्हणाल्या, "तुला मी आयकू आली ना गो? मंग झालं." शीरा घरी जेवायला गेली.

दुपारी एझ्राशेटांनी शटर अर्धं खाली ओढलं. डबा उघडलाच नाही. औषधाच्या बाटलीतला कापूस काढला, त्याचा बोळा केला आणि स्वतःच्या डाव्या कानात घट्ट बसवला. वरून हात दाबून धरला. मग मला घातलं आणि धवला लावला. हौसाबाई गात होत्या, मागे कोणी नव्हतं. मग मला उलटं केलं. बायका झेलत होत्या, पुढे कोणी नव्हतं. असं त्यांनी पुष्कळ वेळा केलं. बाहेर कारखान्यात कोणीतरी गणपतीच्या सोंडेला पॉलिश पेपर मारत होतं. एझ्राशेटांनी एकदा बोट उचललं आणि मधल्या बटणावर ठेवलं. ते हलवलं नाही. तसंच ठेवून बसले.

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा दिनानाथांकडे.

"दोन्ही बाजू एक करा," एझ्राशेट म्हणाले. "सगळं दोन्ही वाट्यांत आलं पाहिजे."

"स्टीरिओ मारता? लोक उलट मागतात शेट."

"मला असंच पाहिजे."

"गिऱ्हाइकाला कळलं तर नाव जाईल दुकानाचं."

"जाऊ दे."

दिनानाथांनी खांदे उडवले आणि माझ्या तारा एकत्र पिळल्या. तेव्हापासून माझ्यात डावं-उजवं उरलं नाही.

संध्याकाळी शीरा आली आणि दारातच थांबली. स्टूल जागेवर नव्हतं. मला तिचा चेहरा दिसला. तिने दप्तराचा पट्टा घट्ट धरला. मग तिला ते दिसलं. स्टूल खुर्चीच्या डावीकडे ठेवलं होतं. तिथे बसलं की तिचे बाबा तिच्या उजव्या कानाशी येत होते.

ती आत आली आणि बसली. मला कानांवर चढवलं. एझ्राशेटांनी धवला लावला. हौसाबाई गायल्या, मागे बायकांनी झेललं, सगळ्या एकाच वाटीत, दाटीवाटीने.

"काय येतंय?" त्यांनी विचारलं. मशीनकडे बघत, साध्या आवाजात.

"सगळं."

"पास?"

"पास."

पुढे एकदा दोघं मुंबईला डॉक्टरांकडे जाऊन आली. घरी सांगितलं की कोऱ्या कॅसेटी आणायला जातोय, आणि खरंच कॅसेटी घेऊन आली. डॉक्टर काय म्हणाले ते माझ्यासमोर कोणी बोललं नाही. त्या दिवशी एझ्राशेटांनी इक्वलायझरची सगळी बटणं मध्यावर आणून ठेवली आणि कपड्याने धूळ पुसली.

आता मी जुनी झाले आहे. फ्लोराआत्याच्या रेक्झिनचे पापुद्रे सुटतात आणि शीराच्या कानाला काळे कण लागतात. गल्लीच्या टोकाला सीडी विकणारं दुकान आलं आहे. तिथल्या नव्या हेडफोनांत डावं-उजवं फार छान वेगळं येतं म्हणतात. एझ्राशेटांनी एकही आणला नाही. माझी बहीण रोह्याला आहे. आरोनकाका सांगतात, ती अजून फोडणीसारखीच वाजते. शीरा आता दहावीला आहे आणि अजून पास म्हणते. डाव्या वाटीखाली अजूनही कोणी नाही. मी तिथे रोज वाजते. त्याचं आता मला काही वाटत नाही.

मी तुमच्याकडे नवी गादी मागत नाही. मला फक्त एकच

फ्लोराआत्याची हाक आली. "शीरा, कानटोपी घेऊन ये गो बाहेर, हौसाबाई आल्यात नातीला घेऊन, तिला आजीचं ऐकायचंय." शीराला ऐकू आलं नाही, आत्या डावीकडच्या दारात आहे. एझ्राशेटांनी तिच्या उजव्या खांद्यावर बोट टेकवलं. ती उठली, मला उचलतेय. लवकर सांगते. तुम्ही कधी पेणला आलात, आमच्या दुकानात आलात, आणि काउंटरपाशी ती एकटी असली, तर तिला शिष्ट म्हणू नका, मोठ्याने ओरडूही नका, नुसतं थोडं फिरून तिच्या उजव्या